समुद्राच्या पाण्यातली हवा काढायला व्हॅक्यूम पंप केवढा घ्यायचा?

बेळगावात पाणी पिऊन संपवलेली प्लास्टिकची बाटली झाकण घट्ट लावून गाडीत टाका आणि चोर्ला घाटानं गोव्याला उतरा. घाट संपेपर्यंत कानात दडे बसलेले असतात, आणि पणजीला पोचून बाटली बघितली तर पोट आत चेपलेली असते, कुणी हात न लावता. आत बेळगावची हवा बंद आहे, बाहेर गोव्याची, आणि गोव्याची हवा जास्त जोरात दाबते, एवढंच. हे आम्हा सगळ्यांना लहानपणापासून माहीत, तरी हीच गोष्ट कामावर विसरल्यामुळं आमचे एकदा पंधरा दिवस वाया गेले, म्हणून हा लेख तिथूनच सुरू करतो.

मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत पंपाच्या असेंब्ली आणि टेस्टिंगचं काम करतो. किनाऱ्यावरच्या एका प्लँटसाठी आम्ही व्हॅक्यूम पंप दिला होता, समुद्राच्या पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन काढायच्या टॉवरवर बसवायला. टेस्ट बेंचवर काटा ६६० मिलिमीटर व्हॅक्यूमवर स्थिर झाला, रिपोर्टवर ६६० लिहिलं, सही झाली, पंप गेला. महिन्याभरानं तिकडनं फोन, की पाण्यातला ऑक्सिजन लिटरमागं एक मिलिग्रॅमच्या खाली यायला तयार नाही. त्यांनी मोबाईलवर गेजचा व्हिडिओ पाठवला तर काटा बरोबर ६६० वर. आमचे मिस्त्रीमामा म्हणाले, "काय ओ, काटा तर तितकाच दाखवूलालाय की, मग पंपाचा काय दोष?" मलाही तसंच वाटलं. मग कधी ऑक्सिजन मीटर खराब म्हणून, कधी टॉवरच्या आत भरलेलं पॅकिंग नीट बसलं नाही म्हणून पत्रापत्री चालली.

चूक काट्यात नव्हती, वाचण्यात होती. साधं व्हॅक्यूम गेज आतला दाब दाखवत नाही, ते बाहेरची हवा आणि आतली हवा यातला फरक दाखवतं. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटरवर, इथं हवेचा दाब ६९५ मिलिमीटर पाऱ्याच्या आसपास असतो, म्हणजे अंदाजे ९२५ मिलिबार. समुद्राकाठी तोच ७६०, म्हणजे १०१३ मिलिबार. आता वजाबाकी करा. आमच्या बेंचवर ६९५ वजा ६६०, आत उरले ३५ मिलिमीटर, म्हणजे ४७ मिलिबार. तिकडं ७६० वजा ६६०, आत उरले १०० मिलिमीटर, म्हणजे १३३ मिलिबार. काटा एकच, पण टॉवरमध्ये दाब जवळपास तिप्पट! तिथं काटा ७२० च्या पुढं जायला हवा होता. शेवटी एका फ्लँजचं, म्हणजे पाइपाच्या जोडावरच्या चकतीचं, गॅस्केट (मधला हवाबंद थर) बसवताना दुमडलेलं सापडलं, तिथनं हवा आत शिरत होती, ते बदलल्यावर काटा ७२२ वर गेला आणि ऑक्सिजन खाली आला.

म्हणून पहिली गोष्ट, व्हॅक्यूमच्या कामात बोलायचं ते ॲबसोल्यूट दाबात, म्हणजे फरकात नाही, आत उरलेल्या खऱ्या दाबात, मिलिबार ॲबसोल्यूट. "६६० व्हॅक्यूम पाहिजे" असं कुणी म्हटलं तर आधी विचारा, कुठल्या गावचं ६६०?

आता मूळ विषय. समुद्राच्या पाण्यातली हवा काढायचीच कशाला? तेलाच्या विहिरींचं उदाहरण घ्या. १९७४ साली सापडलेलं बॉम्बे हाय मुंबईपासून दीडशेहून जास्त किलोमीटर आत समुद्रात आहे. जमिनीखालच्या खडकातनं तेल निघत गेलं की तिथला दाब उतरतो, तो टिकवायला समुद्राचंच पाणी गाळून, मोठ्या दाबानं खाली ढकलतात. हे पाणी किलोमीटरच्या किलोमीटर साध्या पोलादी पाइपांतून जातं, आणि खारं पाणी अधिक ऑक्सिजन म्हणजे पोलादाला खायला बसलेली जोडगोळी. मीठ काढता येत नाही, मग ऑक्सिजन काढायचा. तापवून गोडं पाणी बनवणाऱ्या प्लँटांतही तेच, तिथं गंजाशिवाय आणखी एक कटकट असते, पाण्यातनं सुटलेली हवा कंडेन्सरच्या, म्हणजे वाफ थंड करणाऱ्या, नळ्यांभोवती पांघरूण घातल्यासारखी बसते आणि वाफेला थंड होऊ देत नाही.

पाण्यात हवा विरघळलेली असते हे घरातच दिसतं. राकसकोप जलाशयाच्या नळाच्या पाण्याचा ग्लास रात्री भरून ठेवा, सकाळी काचेच्या आतल्या बाजूला बारीक बुडबुडे चिकटलेले असतात. गोटी सोड्याची गोटी दाबली की फस्स करून गॅस येतो तेही तेच. बाटलीतला दाब उतरला की पाण्याला तेवढा गॅस धरून ठेवता येत नाही. विल्यम हेन्रीनं १८०३ मध्ये हा नियम मांडला: पाण्याच्या वर एखाद्या गॅसचा जेवढा दाब, त्या प्रमाणात तो गॅस पाण्यात राहणार. वरचा दाब शंभरावा हिस्सा केला की पाण्यातला गॅसही शंभराव्या हिश्श्यापर्यंत उतरू शकतो, मात्र पाण्याला पातळ पसरायला जागा आणि वेळ दिला पाहिजे. म्हणून उंच टॉवर, आत प्लास्टिकच्या पोकळ तुकड्यांचं पॅकिंग, वरून पाणी शिंपडायचं, आणि टॉवरच्या डोक्यातनं व्हॅक्यूम ओढायचा.

आता हिशोबाला बसू. समजा तासाला १०० घनमीटर समुद्राचं पाणी येतंय, तापमान २८ अंश, आपल्या पश्चिम किनाऱ्यावर हे नेहमीचंच. अशा पाण्यात लिटरमागं साधारण साडेसहा मिलिग्रॅम ऑक्सिजन, साडेदहा मिलिग्रॅम नायट्रोजन आणि अर्धा मिलिग्रॅमच्या आसपास आर्गॉन असतो. गोड्या पाण्यात यापेक्षा थोडं जास्त मावतं, मिठामुळं जागा कमी होते असं समजा. आपलं भांडण फक्त ऑक्सिजनशी, नायट्रोजन बिचारा गंज धरवत नाही, पण व्हॅक्यूम लावला की दोघंही एकदमच बाहेर येतात आणि पंपाला दोघांचाही भार ओढावा लागतो. बरेच जण फक्त ऑक्सिजन धरून पंप काढतात आणि तिथंच निम्म्याहून जास्त भार सुटतो.

सगळं मिळून लिटरमागं १७.५ मिलिग्रॅम, म्हणजे १०० घनमीटरमागं पावणेदोन किलो. तासाला फक्त पावणेदोन किलो हवा! आपण श्वास घेतो त्या दाबाला ही हवा दीड घनमीटर भरते, घरातल्या दीड-दोन लोखंडी कपाटांएवढी. हे ऐकून कुणालाही वाटेल की छोटासा पंप पुरे.

पण पंप किलो मोजत नाही, पंप जागा मोजतो. प्रत्येक फेऱ्यात ठराविक घनफळ उचलायचं, त्यात गच्च हवा असो की विरळ. टॉवरमध्ये ५० मिलिबार दाब ठेवला तर ही दीड घनमीटर हवा वीसपट फुगते, तीसेक घनमीटर होते असं वाटेल. इथंच खरा खड्डा आहे, कारण त्या ५० मिलिबारमध्ये हवा एकटी नाही. पाण्यावर पाण्याची वाफही बसलेली आहे. २८ अंशाला समुद्राच्या पाण्याची वाफ एकटीच सुमारे ३७ मिलिबार दाब घेते, ती हटत नाही, ओढली तर खालचं पाणी नवी वाफ देतंच राहतं. डाल्टनचा नियम सांगतो की एकूण दाब म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याची बेरीज. ५० मधले ३७ वाफेचे, हवेच्या वाट्याला फक्त १३. म्हणून आपली दीड घनमीटर हवा १३ मिलिबारच्या हिशोबानं फुगते, आणि आकडा येतो तासाला सुमारे ११४ घनमीटर. तिचा हात धरून तासाला तीन किलो वाफही पंपात येते. कमी पगारात मोठं कुटुंब पोसावं तसं पंपाचं असतं, जास्तीत जास्त ताकद वाफेवरच खर्च होते.

आता कुणी म्हणेल, आणखी खोल व्हॅक्यूम घेऊ, ५० च्या ऐवजी ४० मिलिबार. काट्यावर हा फरक साडेसात मिलिमीटरचा, डोळ्याला धड दिसतही नाही. पण हवेच्या वाट्याला आता ३ च मिलिबार उरले, घनफळ ११४ वरून थेट ४९० च्या पुढं, चौपटीहून जास्त. ३८ मिलिबार म्हणाल तर हवेला एकच मिलिबार, आणि आकडा तासाला जवळपास दीड हजार घनमीटर. वाफेच्या रेषेच्या जवळ जाल तसा शेवटचा एकेक मिलिबार सोन्याच्या भावात मिळतो. आमच्याकडं येणाऱ्या नवीन पोरांना हे तीन आकडे मी कागदावर स्वतः काढायला लावतो, सांगून पटत नाही, स्वतः भागाकार केला की पटतं.

मग ५० वरच थांबायचं का? ऑक्सिजन किती उतरवायचा त्यावर आहे. निघणाऱ्या गॅसमध्ये ऑक्सिजनचा वाटा सुमारे एक तृतीयांश असतो, आपल्या नेहमीच्या हवेतल्या २१ टक्क्यांपेक्षा जास्त, कारण ऑक्सिजन पाण्यात नायट्रोजनपेक्षा बरा विरघळतो. ५० मिलिबारला ऑक्सिजनच्या वाट्याला साडेचार मिलिबार येतात. हेन्रीच्या नियमानं एका टप्प्यात पाण्यात लिटरमागं ०.१४ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन राहील. ४० मिलिबारला हाच आकडा ०.०३ पर्यंत येतो. तेलाच्या कामाला याहूनही कमी लागतो. म्हणून व्यवहारात टॉवर दोन किंवा तीन मजल्यांचा करतात, वरच्या मजल्यावर बरा दाब ठेवून बहुतेक हवा तिथंच स्वस्तात काढायची, खालच्या मजल्यावर दाब आणखी उतरवायचा पण तिथं हवा थोडीच उरलेली असल्यामुळं पंप आवाक्यात राहतो. शेवटचं उरलेलं रसायनानं मारायचं. सोडियम सल्फाइट एक मिलिग्रॅम ऑक्सिजनला आठ मिलिग्रॅमच्या आसपास लागतं, म्हणजे सगळाच ऑक्सिजन रसायनानं काढायचा म्हटलं तर तासाला १०० घनमीटर पाण्याला पाच किलोहून जास्त पावडर, दिवसाला सव्वाशे किलो. व्हॅक्यूमनं ९८ टक्के काढून उरलेल्याला चिमूटभर रसायन, हा मेळ मला सगळ्यात शहाणपणाचा वाटतो.

आता लीकेज, ज्यानं आम्हाला दमवलं. प्रत्येक फ्लँज, व्हॉल्व्हची ग्लँड, बघायची काच, पंपाचं सील, सगळीकडून थोडी थोडी हवा आत येत असते, आणि ती मोजता येते. टॉवर रिकामा आणि आतून कोरडा करायचा, व्हॅक्यूम ओढायचा, पंपाकडचा व्हॉल्व्ह बंद करायचा आणि घड्याळ लावून बसायचं. समजा आतली जागा २० घनमीटर, आणि दहा मिनिटात दाब ६ मिलिबारनं वर आला. २० गुणिले ६ भागिले १०, मिनिटाला १२, तासाला ७२०, त्याला १०१३ नं भागलं की बाहेरची हवा तासाला ०.७ घनमीटर आत येतीय, वजनात आठशे ग्रॅमच्या वर. पाण्यातनं निघणारी पावणेदोन किलो आणि ही आठशे ग्रॅम, म्हणजे निम्म्याच्या जवळ! ही टेस्ट करताना आत पाण्याचं डबकं राहिलं तर वाफ सुटून दाब आपोआप चढतो आणि आपण नसलेलं लीकेज शोधत टॉर्च घेऊन फिरतो, म्हणून कोरडा टॉवर हवाच. लीक शोधायला आम्ही टॉवरच्या आत थोडा हवेचा दाब देऊन बाहेरून साबणाचा फेस लावतो, जिथं फुगे येतात तिथं खडूची खूण. गॅस्केटची जागा, नट एका बाजूनं जास्त आवळलेला, पेंट खरवडलेला भाग, खूण बहुतेक वेळा तिथंच पडते.

लीकेज धरल्यावर आपला ११४ चा आकडा १७० च्या आसपास जातो. वर पंप झिजतो म्हणून थोडी सूट ठेवायची. सुरू करताना रिकामा टॉवर किती वेळात ओढायचा तेही बघून घ्यायचं, २० घनमीटरचा टॉवर अर्ध्या तासात १०१३ वरून ५० वर आणायला तासाला १२० घनमीटरचा पंप लागतो, म्हणजे इथं तरी तो भार वेगळा धरायची गरज नाही. पाण्यात ॲसिड घालणार असाल तर मात्र आधीच सांगा. समुद्राच्या पाण्यात बायकार्बोनेट भरपूर असतं, ॲसिड पडलं की ते कार्बन डायऑक्साइड होऊन सुटतं, लिटरमागं शंभर मिलिग्रॅमच्या आसपास, आणि आपल्या साडेसतरा मिलिग्रॅमचा सगळा हिशोब बदलतो.

आता मे महिना. पाणी २८ ऐवजी ३१ अंश झालं तर काय मोठंसं, तीनच अंश. पण ३१ ला वाफ ४४ मिलिबार घेते, ५० मधले हवेला उरतात ६, आणि १७० चा आकडा ३७० वर जातो. पंप डिझाइन करायचा तो वर्षातल्या सगळ्यात गरम पाण्यावर, सरासरीवर कधीच नाही. किनाऱ्यावर आणखी एक अडचण म्हणजे वाफ आधीच थंड करून काढून टाकू म्हटलं तर थंड करायला जवळ असतं ते त्याच समुद्राचं त्याच तापमानाचं पाणी, त्यानं काही ती वाफ पाणी होत नाही. लक्षद्वीपच्या कवरत्ती बेटावर २००५ पासून दिवसाला एक लाख लिटर गोडं पाणी करणारा प्लँट आहे, तिथं वरचं कोमट समुद्राचं पाणी व्हॅक्यूममध्ये न तापवताच काही प्रमाणात वाफ होतं आणि साडेतीनशे मीटर खोलवरून ओढलेल्या थंड पाण्यानं ती वाफ परत पाणी होते. राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेनं हे बेटाला लागूनच समुद्र खोल जातो म्हणून जमवलं. तिथंही पाण्यातनं सुटणारी हवा सतत ओढून काढणारा व्हॅक्यूम पंप थांबला की वाफ थंड होणं थांबतं.

पंपाची जात निवडताना आमच्याकडं बहुतेक वॉटर रिंग पंपच येतो. आत पाण्याचं कडं फिरतं, ते पिस्टनचं काम करतं, ओली वाफ आली तरी बिघडत नाही, दणकट असतो. पण कॅटलॉगमधली क्षमता १५ अंशाच्या पाण्यावर मोजलेली असते हे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. ३० अंशाचं पाणी दिलं तर त्या कड्यातूनच ४२ मिलिबारची वाफ सुटते, पंपाचे कप्पे स्वतःच्याच वाफेनं भरतात. ५० मिलिबारला ढोबळ हिशोबानं क्षमता पाव होते, आणि आत खडी टाकून फिरवल्यासारखा आवाज यायला लागतो. तो आवाज एकदा ऐकला की विसरत नाही, महिन्याभरात इम्पेलरवर, म्हणजे आतल्या पात्यांच्या चाकावर, वाळवी लागल्यासारखे खड्डे पडलेले असतात. म्हणून टॉवर आणि पंपाच्या मध्ये इजेक्टर, म्हणजे जोराच्या झोतानं हवा ओढणारं नळकांडं, लावतात, तो ५० मिलिबारची हवा उचलून १२०-१५० वर आणून देतो आणि पंप तिथं आरामात चालतो. आमचा बेंच बोअरवेलच्या गार पाण्यावर चालतो, किनाऱ्यावर तेवढं गार पाणी कुठलं मिळायला, म्हणजे बेळगावच्या टेस्टमध्ये पंप दोन्ही बाजूंनी खरा आहे त्याच्यापेक्षा ताकदवान दिसतो, बाहेरची हवा हलकी, तिच्यात हवा ढकलायला सोपं म्हणून, आणि पाणी गार म्हणून.

मटेरियलचं थोडक्यात. कड्याला समुद्राचंच पाणी देणार असाल तर साध्या बिडाचा पंप नको, ३१६ नंबरच्या स्टेनलेस स्टीलवरसुद्धा साचलेल्या खाऱ्या पाण्यात बारीक भोकं पडतात. निकेल ॲल्युमिनियम ब्राँझ किंवा ड्युप्लेक्स स्टेनलेस स्टील घ्यायचं. बेळगावच्या फाउंड्रीवाल्यांचा हात कास्टिंगवर बसलेला आहे, पण ओतताना पोकळी राहिली की व्हॅक्यूममध्ये तिथनंच हवा झिरपते, तेव्हा मशीनिंगनंतर प्रत्येक कास्टिंग पाण्याच्या दाबावर तपासायचं, रंग लावायच्या आधी.

आणि टॉवर जमिनीवर ठेवायचा नाही. आत व्हॅक्यूम असताना पाणी खाली उतरायला तयार नसतं, समुद्राकाठी ते आपोआप बाहेर पडायला टॉवरचा तळ दहा मीटर उंच लागतो, नाहीतर खाली ओढणारा पंप द्यावा लागतो आणि त्याच्या सक्शनला पुरेशी उंची ठेवावी लागते.

आमच्या शॉपमध्ये आता टेस्ट बेंचच्या शेजारी बॅरोमीटर टांगलाय. सकाळी पहिली पाळी आली की मिस्त्रीमामा स्वतः तो वाचतात आणि खडूनं फळ्यावर आकडा लिहितात, मगच पंप चालू होतो. रिपोर्टवर गेजचा आकडा, त्या दिवशीचा हवेचा दाब, सील वॉटरचं (कड्याच्या पाण्याचं) तापमान आणि मिलिबार ॲबसोल्यूट असे चारही रकाने भरल्याशिवाय ते सही करत नाहीत. परवा आषाढातल्या झडीत फळ्यावर ९१९ मिलिबार होतं.